सालीसकट

"चाचा, आजच्या साली मला द्या हं!"

"चाचा, साली ठेवल्यात ना माझ्या?"

दोन्ही वाक्यं एकदमच निघाली आणि आयुबचाचांच्या ज्यूसच्या गाड्यावर येऊन एकमेकांवर आदळली. कळंबच्या बसस्थानकासमोरची डिसेंबरातली दुपार होती. ऊन अंगावर घ्यावंसं वाटावं इतकं कोवळं. हर्षालीनं मान वळवून पाहिलं. शेजारी एक उंचसा तरुण उभा होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांच्या पेरांवर तपकिरी डाग, आणि चेहऱ्यावर तिच्याइतकंच आश्चर्य.

"साली म्हणजे... डाळिंबाच्या?" तिनं विचारलं.

"व्हय. तुम्हाला पण त्याच?"

"त्याच."

आयुबचाचांनी हातातलं डाळिंब खाली ठेवलं आणि ते पोट धरून हसायला लागले. "या अल्ला! इतकी वर्षं गाडा लावतोय मी. रसासाठी रांग बघितली, पण सालीसाठी भांडण आजच बघतोय. आजवर सालीला गिऱ्हाईक म्हणजे ती एक शेळी. ती पण बिचारी मागत नव्हती, चोरून न्यायची."

गाड्याच्या चाकापाशी बसलेल्या शेळीनं कान हलवले.

"मी आधी आले," हर्षाली म्हणाली.

"मी कालच सांगून ठेवलं होतं."

"पण मला माझ्या मुलांसाठी हव्यात."

तो गडबडला. तिच्याकडं एकवार बघून त्यानं नजर झटकन डाळिंबांवर नेली. "मुलांसाठी? म्हणजे... किती मुलं आहेत तुम्हाला?"

"बेचाळीस."

त्याचं तोंड उघडं ते उघडंच. हर्षालीनं हसू दाबत सावकाश सांगितलं, "आठवी ब. विज्ञान शिकवते मी."

आता तोही हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे, हे तिनं उगाचच टिपलं. "मग तुम्हीच न्या, मॅडम. माझी आई एकच आहे."

"आईंना कशाला लागतात?"

"काढा करती. कुठून तरी ऐकलंय तिनं. मला त्यातलं कळत न्हाय, मी मोटारी भरतो." तिच्या कपाळावरची आठी बघून त्यानं बोटं पुढं केली. "विहिरीवरच्या. जळून आल्या की तांब्याची तार नव्यानं भरायची, वर वार्निश द्यायचं. हे डाग त्याचेच. ढोकी रोडला दुकान आहे. रणधीर नाव."

आयुबचाचांनी पंचासारखा हात वर करून साली वाटल्या. मोठी पिशवी आपसूक तिच्या हातात आली. तेवढ्यात तिच्या गावाची, वाशीची बस लागली आणि ती पदर सावरत पळाली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण एकटीच हसतोय, आणि शेजारच्या आजी आपल्याकडं काळजीनं बघतायत.

*

साली लागायला लागल्या त्या एका प्रयोगामुळं.

त्या दुपारच्या आठ-दहा दिवस आधी हर्षालीनं वर्गात काचेचा ग्लास आणला होता. पाण्यात टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकले तसं पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागलं. मग तिनं डाळिंबाच्या साली उकळून गाळलेलं पाणी त्यात थेंब थेंब सोडलं. बघता बघता तो गडद रंग विरला आणि ग्लासातून पलीकडचा फळा दिसू लागला. मुलांनी बाकं बडवली.

"जादू नाही ही," ती म्हणाली होती. "लोखंडाला गंज चढतो, कापलेलं सफरचंद काळं पडतं. आपल्या शरीरातही पेशींना असंच हळूहळू खराब करणारं काहीतरी रोज तयार होत असतं. त्याला थोपवणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. आणि फळाच्या गरापेक्षा ते पुष्कळदा सालीत जास्त असतात. का बरं?"

"कारण ऊन आणि किडे आधी सालीलाच भेटतात!" मागच्या बाकावरून राजेश्वरी ओरडली.

"शाब्बास! आणि काही प्रयोगांत असंही दिसलंय, की सालीतल्या या पदार्थांची रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला मदत होत असावी..."

इथं घंटा झाली. हर्षाली पुढंही बोलत होती. हे प्रयोग अजून लहान आहेत, साल म्हणजे औषध नव्हे, घरात कुणाला साखर असेल तर गोळ्या बंद करायच्या नाहीत... पण दप्तरं आवळली जात होती, बाकं सरकत होती, आणि बाहेर चिंचेखाली कबड्डीच्या रेघा वाट बघत होत्या. आपण वाक्य पूर्ण केलं, एवढंच समाधान तिला होतं.

मग बाकीच्या वर्गांनाही तोच प्रयोग हवा झाला. कुणाला सालीच्या रंगात रुमाल रंगवायचे होते. म्हणून रोज साली. आणि रोज साली म्हणून रोज रणधीर.

पहिल्या आठवड्यात दोघं सालीच वाटून घेत होते. दुसऱ्या आठवड्यात तो संत्र्याच्या सालींची वेगळी पुडी घेऊन आला.

"हे कुठून?"

"खाल्ली संत्री."

"एवढी? कुणी?"

"मीच." तो खिशातून डोकावणाऱ्या तारेच्या टोकाशी चाळा करत म्हणाला. "साली जमवायच्या म्हणजे आतलं कुणीतरी खायला पाहिजेच की."

"माझ्यासाठी एवढी संत्री खाल्लीत?"

"तुमच्यासाठी न्हाय... बेचाळीस लेकरांसाठी."

"अच्छा. बेचाळिसांच्या वतीनं आभार."

"आणि तुमच्या वतीनं?"

तिनं पिशवीची गाठ उगाच पुन्हा सोडून पुन्हा मारली. थंड वारा सुटला होता, तरी तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

एकदा संध्याकाळी त्यानं घसा खाकरला. "मॅडम, मी म्हणत होतो की..."

वाशीच्या गाडीनं हॉर्न दिला.

"की?"

"की... तुमची बस लागली."

दोन दिवसांनी पुन्हा तेच. "मी म्हणत होतो की..." आणि पुन्हा हॉर्न. आयुबचाचा ग्लास धुता धुता म्हणाले, "रणधीर बेटा, तुझं अर्धं वाक्य रोज वाशीला जातंय. एक दिवस तिकीट काढून तू पण जा."

*

मग तो यायचाच थांबला.

एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी हर्षालीनं आपण रस्त्याकडं बघत नाही आहोत असं स्वतःला बजावलं, आणि त्याच वेळी तो आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. साली ठेवलेल्या घमेल्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"आई पडली. ओट्यापाशीच भोवळ आली. दवाखान्यात नेलं तर साखर चारशेच्या वर." त्यानं गाड्याच्या कडेला हात टेकला. "घरी येऊन दळण न्यायला ज्वारीचा डबा उघडला, तर दाण्यांत गोळ्या. मी रोज तिच्या हातावर गोळी ठेवत होतो मॅडम, आणि ती रोज डब्यात टाकत होती."

"अरे देवा... आता घेतात ना?"

"कुठं घेती! डॉक्टरांसमोर घेतली, घरी आली की पुन्हा न्हाय. म्हणती, शाळेतल्या बाईंनी सांगितलंय, सालीनं साखर उतरती, गोळीची गरज न्हाय. शेजारची पोरगी सांगून गेली म्हणं. अशी कोण बाई आहे, एकदा भेटली ना मला, तर..."

हर्षालीच्या हातातली पिशवी सैल झाली. राजेश्वरी. ढोकी रोडला राहणारी. मागचं बाक. घंटा.

तिला वाटलं असतं तर ती गप्प राहू शकली असती. कळंबात शाळा काय एकच आहे? पण ती रोज मुलांना सांगायची, की प्रयोग फसला तर आधी तो फसला असं मोठ्यानं म्हणायचं. मगच पुढचा करता येतो.

"भेटलीये तुम्हाला," ती म्हणाली.

"कोण?"

"ती बाई. मीच ती."

बसस्थानकावरचा सगळा गोंगाट जणू कुणीतरी दूर नेऊन ठेवला. रणधीर तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या नजरेत राग असता तर तिला सोपं गेलं असतं. तिथं राग फार थोडा होता.

"मी असं म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे... एवढंच म्हटलं नव्हतं. पुढं पण होतं..."

"बाबा साखरेनंच गेले आमचे," तो हळू म्हणाला. "आणि मी रोज इथून साली नेत होतो. माझ्या हातानं. खुशीत."

तो वळला आणि चालायला लागला. त्याच्या वाटणीची पिशवी तशीच राहिली. आयुबचाचा पुन्हा डाळिंब सोलायला लागले. थोड्या वेळानं शेळी उठली, पिशवीत तोंड घातलं, आणि कुणीच तिला हाकललं नाही.

*

दुसऱ्या दिवशी हर्षालीनं आठवी 'ब'ला विचारलं, "सालीच्या प्रयोगाच्या दिवशी मी साखरेबद्दल काय सांगितलं होतं?"

"सालीनं साखर उतरते!" सगळा वर्ग एका सुरात.

"आणि त्याच्या पुढं?"

मुलं एकमेकांकडं बघू लागली. शेवटी राजेश्वरी उभी राहिली. "पुढं घंटा झाली, मॅडम."

हर्षालीला हसूही आलं आणि रडूही. लेकरांवर कसला राग धरायचा? घंटेनंतर बोललेलं कुणाच्या कानात शिरतं, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. तिनं उरलेलं वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, प्रत्येकाकडून म्हणून घेतलं, घरी जाऊन सांगायला लावलं. मग शनिवारी शाळा सकाळीच सुटली तेव्हा राजेश्वरीला म्हणाली, "तुझ्या शेजारच्या काकूंचं घर दाखव मला."

राजेश्वरीनं दार दाखवलं आणि धूम ठोकली.

द्वारकाबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. चेहरा ओढलेला, पण नजर टोकदार. "या, या. कोण पाव्हण्या?"

"मी... रणधीरच्या ओळखीची. तुमची तब्येत बघायला आले."

"बसा की मग." नको नको म्हणेपर्यंत त्यांनी सफरचंद आणि सुरी आणली. सुरी फळाभोवती फिरू लागली आणि सालीची लांबच लांब लाल पट्टी, कुठंही न तुटता, त्यांच्या मांडीवर उतरली.

"काकू, सालीसकट चालेल मला."

"तसं कसं? पाव्हण्याला सालीसकट देत असत्यात व्हय? घरातली माणसं खात्यात तसं. पाव्हण्याला सोलून, फोडी करून, ताटलीत." सालीची पट्टी त्यांनी शेजारच्या पातेल्यात टाकली. "ही माझी. काढ्याला. शाळेतल्या बाईंनी सांगितलंय."

"काकू..." हर्षालीनं ताटली खाली ठेवली. "ती बाई मीच."

द्वारकाबाईंचा चेहरा उजळला. "तूच का गं ती? ये, अशी जवळ ये! तुझ्यामुळं त्या मेल्या गोळ्यांचा पिच्छा सुटला माझा."

हे ऐकायलाच सगळ्यात अवघड होतं.

"सुटायला नको होता, काकू. माझं बोलणं तुमच्यापर्यंत अर्धंच आलं. सालीनं मदत होत असेल, असं म्हटलं होतं मी. गोळीच्या जागी साल, असं नव्हतं म्हटलं."

"म्हंजी खोटं व्हय?"

"खोटं नाही. अर्धं."

द्वारकाबाईंनी तोंड फिरवलं. पातेलं त्यांनी स्वतःकडं ओढलं. मग म्हणाल्या, "न्हाय घ्यायची मला गोळी. त्येंनी लई गोळ्या खाल्ल्या. कपाट भरलं होतं. शेवटी गेलेच ना? मग कशाला?"

असं होतं तर. साल हे नुसतं निमित्त होतं. हर्षालीला उपदेशाची सगळी वाक्यं एकदम पोकळ वाटायला लागली. तिनं इकडंतिकडं पाहिलं. अंगणाच्या कोपऱ्यात एक जळकी मोटार उघडून ठेवली होती, आतली तार काळी पडलेली.

"काकू, ही मोटार कशानं जळली हो?"

"कशानं म्हंजी? डायरेक्ट जोडली असंल. स्टार्टर बिघडला की लोक दम धरत न्हायत, तार तारेला लावून मोकळे. मग जास्तीची लाईट आली, एखादी फेज गेली, की स्टार्टरबिगर मोटार थांबवणार कोण?" त्यांचा आवाज नकळत ठाशीव झाला. "आमच्या मालकांनी उभा जन्म लोकांना हेच सांगण्यात घालवला."

"पण तारेवर वार्निश होतंच की. ते नाही का वाचवत?"

"वार्निश रोजच्या तापाला. लाईटच बेफाम आली तर वार्निश काय करील बापडं? जळतं ते पण."

"मग वार्निश द्यायचंच कशाला?"

"येडी का खुळी तू? वार्निश पाहिजेच की! पण स्टार्टर काढून ठिवून नुस्त्या वार्निशवर मोटार चालवती का कुणी..."

द्वारकाबाई थांबल्या. त्यांनी पातेल्यातली लाल पट्टी पाहिली. मग हर्षालीला.

"साल म्हंजी वार्निश," त्या सावकाश म्हणाल्या.

हर्षालीनं मान हलवली.

"आन् गोळी म्हंजी स्टार्टर. म्या डायरेक्ट जोडली व्हय मोटार?"

हर्षाली त्यांच्याजवळ सरकली. "काका रोज घ्यायचे गोळी?"

अंगणातल्या दोरीवरचं लुगडं वाऱ्यानं फुगलं, पुन्हा खाली बसलं. "कुठं रोज?" द्वारकाबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या. "कुणाची मोटार बंद पडली की निघाले शेतात. जेवण चुकायचं, गोळी चुकायची. कपाट भरलं होतं ते उगं भरलं होतं व्हय? न खाल्लेल्याच होत्या त्या. लोकांना स्टार्टर बसवा म्हणून वरडायचे... आन् स्वतःचा मात्र..."

हर्षालीनं त्यांचा हात हातात घेतला. मग त्या रडल्या. मनसोक्त, आवाज काढून, बऱ्याच दिवसांचं. रडून झाल्यावर नाक पुसून दारात बघून म्हणाल्या, "तिथं खांबावानी काय उभा राहिलायस? पाणी आण. आन् ती गोळी."

हर्षालीनं चमकून मागं पाहिलं. दारात रणधीर उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक. हाताला ओलं वार्निश, डोळेही ओलेच.

गोळी गिळून द्वारकाबाईंनी तोंड उघडून दाखवलं. "बघ, जिभंखाली न्हाय ठिवली. पण एक अट हाय, बाई. आता तूच यायचं दर रविवारी, यंत्रावर साखर बघायला. याच्यावर भरवसा न्हाय, हा मला घाबरतो."

"येईन की. आणि काढा?"

"त्याचं काय?"

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गोळी आणि काढा दोन्ही मिळून साखर फारच खाली गेली तर तीही भोवळच. साल आपण जेवणात खाऊ ना. दोडक्याच्या शिरांची चटणी, सफरचंद धुऊन सालीसकट..."

"शिरांची चटणी तू मला शिकवतीस?" द्वारकाबाई पहिल्यांदा हसल्या. "रविवारी ये. खाऊन बघ अन् मग बोल."

*

रविवार येत राहिले. हर्षाली वाशीहून सकाळच्या बसनं यायची. द्वारकाबाई बोट पुढं करून डोळे घट्ट मिटायच्या. आकडा खाली आला की शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगायच्या, वर गेला की यंत्राला शिव्या द्यायच्या. कलिंगडाच्या पांढऱ्या सालीचं थालीपीठ एकदा फसलं, ते तिघांनी मिळून निमूटपणे खाल्लं.

रणधीर सुरुवातीला कामापुरतंच बोलायचा. पाणी देऊ का, पट्ट्या संपल्या, आकडा किती. मग एका रविवारी ती निघताना तो फाटकापाशी थांबला.

"मॅडम, त्या दिवशी मी तुम्हाला तसं टाकून आलो."

"राग येणारच होता."

"राग माझ्यावरच होता. आई तीन आठवडे डब्यात गोळ्या टाकत होती, आणि माझं लक्ष..." तो थांबला.

"कुठं होतं लक्ष?"

"साली वाटण्यात," तो म्हणाला आणि घाईनं आत निघून गेला. हर्षाली बसस्थानकापर्यंत कशी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही.

संक्रांत झाली. विधवेनं हळदीकुंकू करू नये म्हणणाऱ्यांना न जुमानता रथसप्तमीच्या आत द्वारकाबाईंनी ते ठेवलं आणि हर्षालीला मदतीला बोलावलं. "तुझं लग्न न्हाय झालं तर काय झालं? कुंकू लावायला न्हाय, हात लावायला ये." गल्लीतल्या बायका जमल्या. वाण म्हणून प्रत्येकीच्या ओटीत एकेक डाळिंब पडत होतं, आणि डाळिंबाबरोबर द्वारकाबाईंचं भाषण.

"साल फेकू नका गं. साल गुणाची असती. पण..." इथं त्या मुद्दाम थांबायच्या, समोरचीच्या डोळ्यांत बघायच्या, "पण घरात कुणाला साखर असंल तर गोळी सोडायची न्हाय. कळलं? म्हण बघू पुन्हा. सगळं म्हण, अर्धं न्हाय!"

आणि जरीकाठी लुगड्यातल्या, नातवंडं झालेल्या बायका खरंच पुन्हा म्हणत होत्या. हर्षाली कोपऱ्यात उभी राहून बघत होती. शाळेत घंटा होते, इथं घंटा द्यायची कुणाची टाप नव्हती.

"ही पोरगी कोण म्हणायची?" एकीनं हळूच विचारलं.

"ही?" द्वारकाबाईंनी हर्षालीकडं बघितलं, मग ओसरीवर खुर्च्या लावणाऱ्या रणधीरकडं. "ही आमची बाई. अजून काय काय व्हायची हाय, ते ज्याचं त्यानं बोलावं. मी किती जणांचं वाक्य पूर्ण करू?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रणधीरच्या हातातली खुर्ची घसरली.

ऊन उतरलं तशा बायका पांगल्या. हर्षाली ओसरीच्या पायरीवर टेकली. पाय दुखत होते, हाताला हळदीचा वास येत होता. आतून द्वारकाबाईंची हाक आली, "अरे, सकाळपासून राबतीया ती. काहीतरी फळ दे कापून!"

रणधीर सफरचंद घेऊन आला आणि एक पायरी सोडून बसला. खिशातून त्यानं छोटी सुरी काढली, धुऊन पुसून आणलेली. मान खाली घालून तो सोलायला लागला. तारेवरचं वेष्टण उतरवणारे सराईत हात होते ते.

"मॅडम, मी म्हणत होतो की..."

दूर बसस्थानकावर गाडीनं हॉर्न दिला. वाशीची असावी. रणधीर सवयीनं थांबला. हर्षाली जागची हलली नाही.

"तुमची बस..."

"अजून एक आहे सहाची. वाक्य पूर्ण करा. अर्ध्या वाक्यानं काय काय होतं, ते बघितलंय आपण दोघांनी."

त्यानं श्वास घेतला. "मी म्हणत होतो की... साली मिळाल्या न मिळाल्या, मला रोज त्या गाड्यावर तुमची वाट बघायची आहे. आणि काही दिवसांनी गाड्यावर नको. इथं. रोज शाळेतून तुम्ही इथंच यावं, असं... मला वाटतं. आईला पण वाटतं, पण तिच्या आधीपासून मला वाटतंय. लग्न कराल माझ्याशी? झालं. एवढंच होतं वाक्य."

"चांगलं लांब होतं की," ती पुटपुटली. "उगाच नाही रोज अडकत होतं."

तो हसला नाही. बिचारा उत्तराची वाट बघत होता, आणि हातांना दुसरं काही सुचेना म्हणून सफरचंद सोलत होता. लाल पट्टी लांब होत चालली. आतलं पांढरं अंग उघडं पडत होतं. आईच्या हातासारखीच, कुठंही न तुटणारी पट्टी.

हर्षालीनं हात पुढं करून त्याचं मनगट धरलं. सुरी थांबली.

"साल राहू द्या," ती म्हणाली.

"का?"

"सोलून पाहुण्यांना देतात." तिची नजर पायरीवर होती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू मावत नव्हतं. "मी काय पाहुणी आहे?"

रणधीरला कळायला क्षणभर लागला. मग त्याचे डोळे बारीक झाले, अगदी त्या पहिल्या दुपारसारखे. त्याच्या हातातून तिनं ते अर्धं सोललेलं सफरचंद घेतलं, फिरवलं, आणि लाल बाजूनं कचकन पहिला घास घेतला.